काम चौघांचं, उत्तर कुणाचं?

कुणीतरी नोकरी सोडतं, कुणी लांबच्या रजेवर जातं, कधी वरून आदेश येतो की नवी भरती बंद. मग बैठक होते आणि साहेब म्हणतात, "तोपर्यंत तुम्ही चौघं मिळून सांभाळून घ्या." चौघंही मान डोलावतात. थोडी कुरकुर असते, पण करायची तयारीही असते. तरीही महिना-दीड महिन्यात कळतं की एक पत्र उत्तराविना पडून आहे, एका परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत उलटून गेली आहे आणि एकच अहवाल दोघांनी दोन वेगवेगळ्या आकड्यांनिशी वर पाठवला आहे. चौकशी सुरू झाली की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: "मला वाटलं, ते बघतायत."

गंमत म्हणजे हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. एखादा कामचुकार सापडला असता तर त्याच्यावर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. इथे चार बऱ्यापैकी प्रामाणिक माणसं आहेत, काम सगळ्यांना येतं, आपसांत भांडण नाही. मग घोडं पेंड खातं कुठे?

## काम, अधिकार आणि उत्तर

'जबाबदारी दिली' असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी द्यायच्या असतात. पहिली, काम: प्रत्यक्ष करायची गोष्ट. दुसरी, अधिकार: त्या कामासाठी निर्णय घ्यायची, माहिती मागवायची, खर्च मंजूर करायची आणि वेळ पडल्यास 'नाही' म्हणायची मुभा. तिसरी, उत्तरदायित्व: काम अडलं किंवा बिघडलं तर कुणाला बोलावून विचारायचं, ते.

यांतलं काम कितीही जणांत वाटता येतं. अधिकार काही मर्यादेपर्यंत वाटता येतो. उत्तरदायित्व मात्र वाटायला गेलं की नाहीसंच होतं. चौघांकडे प्रत्येकी पंचवीस टक्के उत्तरदायित्व अशी सोय कागदावर करता येईल. चूक झाल्यावर कुणाचे पंचवीस टक्के चुकले, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आंरी फायोल हे फ्रान्समधल्या एका मोठ्या खाणकंपनीचे प्रमुख. अनेक वर्षं कारभार पाहिल्यावर त्यांनी 1916 मध्ये व्यवस्थापनाची 14 तत्त्वं मांडली. त्यांतली दोन इथे थेट लागू पडतात. अधिकार आणि जबाबदारी जोडीने द्यावी, हे एक. आणि एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, हे दुसरं. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी दोन्ही तत्त्वं रोज मोडली जातात, त्यातही पहिलं जास्त. "माल वेळेवर येतोय ना, ते तुम्ही बघा" असं सांगायचं. पण पुरवठादाराशी बोलायचं खरेदी विभागाने आणि पैसे सोडायचे लेखा विभागाने. अशा माणसाच्या हातात उरतं काय, तर दोन्ही विभागांना आठवण करत राहणं आणि माल आला नाही की बोलणी खाणं.

## माणसं वाढली की जोर का घटतो?

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. हे निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. गटात माणसं वाढत गेली तसा एकूण जोर वाढला, पण दरडोई जोर घटत गेला. याचं एक कारण साधं आहे: सगळे नेमक्या एकाच क्षणी आणि एकाच दिशेला ओढत नाहीत. पण तेवढंच कारण आहे का, हे तपासायला 1974 मध्ये अमेरिकी संशोधकांनी एक युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला सांगितलं की तुझ्या मागे आणखी काही जण दोर ओढतायत. प्रत्यक्षात ते नुसते उभे होते. तरी त्या माणसाचा जोर कमी झाला. म्हणजे बाकीचे आहेत एवढं वाटणंसुद्धा पुरतं.

दोर ओढताना निदान सगळ्यांना दोर दिसतो. जिथे आधी कुणीतरी पुढाकार घ्यायचा असतो तिथली गत आणखी वाईट. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा 1968 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावलं. मध्येच पलीकडच्या एकाला फिट आल्यासारखा आवाज येऊ लागला. तो आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. हे फक्त आपणच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 85 टक्के फिट थांबण्याच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त 31 टक्के उठले. न उठलेले विद्यार्थी निर्ढावलेले नव्हते, उलट अस्वस्थ झालेले दिसत होते. एव्हाना कुणीतरी केलं असेल, या समजुतीत ते बसून राहिले. याला जबाबदारीचं विखुरणं म्हणतात.

क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल दोन क्षेत्ररक्षकांच्या बरोब्बर मध्ये येतो तेव्हा हेच होतं. दोघंही धावतात, दोघांनाही तो घेता आला असता, आणि चेंडू दोघांच्या मध्ये पडतो. म्हणून त्यांतल्या एकाने वेळेत मोठ्याने "माझा!" म्हणायचं असतं. कार्यालयात चेंडू दिसत नाही आणि ओरडणं शोभत नाही, एवढाच फरक.

## चार जण आणि एक विझलेला दिवा

विमानवाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला, म्हणून तो जरा तपशिलात पाहू.

29 डिसेंबर 1972 च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचं 401 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होतं. पुढचं चाक खाली येऊन पक्कं बसलं की कॉकपिटमध्ये एक हिरवा दिवा लागतो. तो लागला नाही. वैमानिकांनी विमान पुन्हा 2,000 फुटांवर नेलं, ऑटोपायलट चालू केला आणि दिव्याच्या मागे लागले. कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनियर असे तिघं, शिवाय कॉकपिटमध्ये बसून प्रवास करणारा कंपनीचाच एक देखभाल तज्ज्ञ. दिव्याचं आवरण काढायचं, ते परत बसवताना अडकलं की पुन्हा काढायला पाहायचं, खालच्या कप्प्यात उतरून चाक डोळ्यांनी दिसतंय का ते पाहायचं, अशी त्यांची खटपट चालली होती. या गडबडीत ऑटोपायलटचं उंची धरून ठेवण्याचं काम सुटलं, बहुधा कुणाचा तरी धक्का सुकाणूला लागून. विमान हळूहळू खाली येऊ लागलं. उंची बिघडल्याची सूचना देणारा आवाज वाजला, तो कुणाच्याच ध्यानात आला नाही. बाहेर दलदलीचा काळोख, त्यामुळे जमीन जवळ येतेय हे दिसणंही शक्य नव्हतं. विमानात 176 जण होते. 101 दगावले.

चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. दिव्याचे बल्ब गेले होते, बस्स.

तपास अहवालाने कारण नोंदवलं ते असं, की शेवटच्या चार मिनिटांत वैमानिकांनी उड्डाणाच्या उपकरणांवर लक्ष ठेवलं नाही. अनुभवी माणसं, एकाच छोट्या खोलीत, एकमेकांशी अखंड बोलत असलेली. विमान कोण चालवतंय, हे मात्र त्या चार मिनिटांपुरतं ठरलेलं नव्हतं.

पुढे 1979 मध्ये नासाने याच विषयावर कार्यशाळा घेतली आणि कॉकपिटमधल्या सहकार्याचं रीतसर प्रशिक्षण जगभर रुजलं. आज प्रवासी विमानात कुठल्याही क्षणी एक वैमानिक विमान चालवतो आणि दुसरा उपकरणांवर नजर ठेवतो. अदलाबदल करायची तर बोलून. एक म्हणतो, "कंट्रोल तुमच्याकडे." दुसरा म्हणतो, "कंट्रोल माझ्याकडे." दुसऱ्याने म्हटल्याशिवाय पहिला हात काढत नाही. कॅप्टन हुद्द्याने मोठा असला तरी यातून सुटका नाही.

## मग वाटणी करायची कशी?

व्यवस्थापनाच्या जगात यासाठी एक तक्ता वापरतात, त्याला 'रॅसी' म्हणतात. चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन केलेलं हे नाव. अर्थ साधा आहे. प्रत्येक कामापुढे चार रकाने: करणारं कोण, उत्तर देणारं कोण, आधी कुणाला विचारायचं, आणि झाल्यावर कुणाला नुसतं कळवायचं. करणारे चार असू शकतात. उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात नाव एकच लिहायचं. या तक्त्याचा सगळा जीव त्या एका नियमात आहे.

मासिक खर्चाच्या अहवालाची ओळ घेऊ. "चौघांनी मिळून अहवाल द्यायचा" याऐवजी: आकडे गोळा करायचे पहिल्या दोघांनी, ताळा घ्यायचा तिसऱ्याने, दर महिन्याच्या पाच तारखेला अहवाल वर जाणार आणि न गेल्यास उत्तर द्यायचं चौथीने. आकडे वेळेत आले नाहीत तर थांबवून ठेवायचं की 'तात्पुरते' असा शिक्का मारून पाठवायचं, तेही तिनेच ठरवायचं. ती रजेवर असेल तर कोण, त्याचंही नाव तिथेच. दोन ओळींचं काम आहे. पण 'चौथीने ठरवायचं' हे शब्द बहुतेक तक्त्यांत नसतात, कारण तिथे अधिकार सोडावा लागतो आणि वरिष्ठांचा जीव तिथेच अडकतो.

या तक्त्याचं माझ्या पाहण्यातलं नेहमीचं मरण म्हणजे तिसरा रकाना फुगणं. कुणी दुखावू नये म्हणून 'आधी विचारायचं' इथे दहा नावं घातली जातात, आणि मग साध्या पत्राच्या मसुद्यावरही दहा अभिप्राय येतात. यामागे गणितही आहे. चार माणसांत दोघादोघांच्या जोड्या सहा होतात. आठ माणसांत अठ्ठावीस. माणसं दुप्पट झाली, बोलण्याचे मार्ग जवळजवळ पाचपट. आयबीएममध्ये सिस्टिम/360 या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहून ठेवलं, की आधीच लांबलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली तर ते आणखी लांबतं. नव्यांना शिकवायलाही जुन्यांचाच वेळ जातो. "आणखी दोघं देतो" हा दिलासा देताना वरिष्ठ हे विसरतात.

## काम बिघडतं ते सांध्यात

कामाचे तुकडे नीट पडले तरी ते पुढे जोडायचे असतात. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळापाशी पोहोचताना नष्ट झालं. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनकडचं एक सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या एककात देत होतं. मार्ग काढणारा नासाचा चमू ते न्यूटनच्या एककातले समजून चालला. दोन्हींत साधारण साडेचारपटींचा फरक. दोन्हीकडचे लोक आपापल्या कामात तरबेज होते. यानाचा मार्ग जरा विचित्र वाटतोय, हे मार्ग काढणाऱ्यांतल्या काहींच्या लक्षातही आलं होतं, पण ती शंका रीतसर नोंदवून तडीला नेली गेली नाही. तिला वाली नव्हता.

रुग्णालयांत पाळी बदलते तेव्हा रोज असेच सांधे तयार होतात. रात्रीच्या डॉक्टरला संध्याकाळच्या डॉक्टरने काय सांगितलं, यावर रुग्णाचं पुढचं ठरतं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्ण विभागांत ही देवाणघेवाण एका ठरावीक साच्यात बसवली गेली: रुग्ण किती गंभीर आहे, थोडक्यात हकिकत, काय काय करायचं बाकी आहे, आणि अमुक घडलं तर काय करायचं. शेवटी घेणाऱ्याने ते सगळं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या आणि टाळता येण्याजोगी इजा 30 टक्क्यांनी.

आपल्याकडच्या 'चार्ज दिला, चार्ज घेतला' या कागदावर दोन सह्या असतात. हे परत म्हणून दाखवणं मात्र नसतं. फायलींची यादी मिळते. कुठली फाइल पेटलेली आहे, कुणाला काय शब्द दिलेला आहे, हे जाणाऱ्याबरोबर जातं.

## "एकाचंच नाव घातलं तर तो बळीचा बकरा होईल"

होऊ शकतो. उत्तरदायित्व म्हणजे शिक्षा असा अर्थ जिथे रुजलाय, तिथे शहाणी माणसं त्या रकान्यात आपलं नाव येऊच देत नाहीत आणि ते योग्यच करतात. एक कसोटी लावून पाहावी: ज्याचं नाव आहे त्याला काम थांबवता येतं का, तारीख पुढे ढकलता येते का, माणूस मागता येतो का? तिन्हींचं उत्तर नकारार्थी असेल, तर नाव एक पायरी वर सरकवायला हवं; जिथे या गोष्टी करता येतात, तिथे.

## "त्यापेक्षा सगळं एका विश्वासू माणसाकडे दिलं तर?"

हा मोह फार मोठा असतो, कारण तो माणूस खरोखरच चांगला असतो. त्याला सगळं येतं, तो कधी रजा घेत नाही. बेअरिंग्ज ही 1762 मध्ये सुरू झालेली ब्रिटिश बँक. तिच्या सिंगापूर शाखेतला निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेब लावणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा एका खात्यात दडवत गेला. फेब्रुवारी 1995 मध्ये बँक बुडाली तेव्हा आकडा 82.7 कोटी पौंड होता. डच कंपनी आयएनजीने ती एक पौंडाला घेतली.

म्हणून पैसे, औषधं, किल्ल्या, पासवर्ड अशा ठिकाणी करणारा आणि तपासणारा वेगळा ठेवतात. बँकांत याला मेकर-चेकर म्हणतात. सलग काही दिवसांची सक्तीची रजाही अनेक बँका देतात ती याचसाठी: माणूस टेबलावर नसला की दडवलेलं वर येतं. आणि घोटाळा सोडा, त्या सर्वज्ञ सहकाऱ्याचा ताप उतरायला आठवडा लागला तरी विभाग ठप्प होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. तपासणारे दोन केले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर सही ठोकतो, आणि आपण परत त्या विखुरण्यापाशी येतो. दुसरी सही ठेवायची तर दुसऱ्याने वेगळं काहीतरी तपासायला हवं. एकाने रक्कम पाहावी, एकाने मूळ बिल.

## "वाटणी बरोबरीची आहे, हे कसं ठरवायचं?"

मनावर सोडून चालत नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात लबाडी असायची गरज नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं दिसलेलंच नसतं.

कार्यालयात काही कामं तर यादीतच येत नाहीत: बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, नव्याला जागा दाखवणं, रागावलेल्या ग्राहकाचा फोन घेणं, निरोप समारंभाची वर्गणी काढणं. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास सांगतो, की बढतीसाठी मोजली न जाणारी अशी कामं स्वतःहून अंगावर घेण्यात स्त्रिया पुढे असतात, त्यांनाच ती जास्त सांगितली जातात आणि सांगितल्यावर 'हो'ही त्याच जास्त म्हणतात. गट फक्त पुरुषांचा असला की तेच पुरुष तितक्याच तत्परतेने पुढे येतात. तेव्हा 'तिला ते आवडतं' या युक्तिवादात फारसा दम नाही. इतिवृत्त पाळीपाळीने लिहायला लावलं तर प्रश्न मिटतो, त्यासाठी धोरण वगैरे लागत नाही.

## "सगळं लिहून ठेवलं की लोक 'हे माझं काम नाही' म्हणतात"

काही जण म्हणतील. ते आजही म्हणतात, फक्त कागदाविना. सगळंच लिहायची गरजही नसते. जिथे मुदत आहे, पैसा आहे, बाहेरच्या कुणाला शब्द दिलेला आहे किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे, एवढ्याच कामांपुढे नाव हवं. बाकीचं आपसांतल्या समजुतीवर चालू द्यावं.

## आणि वेळ?

हा प्रश्न शेवटी येतो, खरं तर तो पहिला यायला हवा. एका पदाचं काम चौघांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव पद येतं, असं हिशेबात दिसतं. प्रत्यक्षात त्यात सांध्यांचा वेळ मिळवावा लागतो: विचारणं, कळवणं, शोधणं, एक काम सोडून दुसऱ्यात डोकं घालणं. चौघांचे दिवस तर आधीच भरलेले असतात. मग काहीतरी गळणारच. प्रश्न एवढाच, की काय गळावं हे ठरवून गळणार की आपोआप.

ते ठरवण्याचा अधिकार काम वाटून घेणाऱ्यांकडे नसतो, देणाऱ्याकडे असतो. म्हणून वाटणीच्या आदेशात कुणी काय करायचं याच्या जोडीने काय थांबणार हेही लिहायला हवं. उदाहरणार्थ: 'नवीन नेमणूक होईपर्यंत ग्राहक सर्वेक्षण बंद. मासिक आढावा आता तीन महिन्यांतून एकदा. चौकशीच्या पत्रांना दोन दिवसांऐवजी सात दिवसांत उत्तर. इतर विभागांना याची कल्पना मी स्वतः देईन.' यातलं शेवटचं वाक्य राहून गेलं, तर ती कल्पना द्यायचं आणि वर शिव्या खायचं कामही त्या चौघांच्याच गळ्यात पडतं.